वायफाय शिकवणारे सर

ती वायफायची गोष्ट तुम्हाला सांगितलीच नाय व्हय मी? दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मी सुटे पार्ट आणून घरीच कॉम्प्युटर जोडला आणि त्यावर भलत्याच कंपनीच्या मशीनची सिस्टिम टाकली. बाकी सगळं चाललं, पण वायफाय कार्ड काही केल्या ओळखेना. शेवटी मोबाईलवरून एका फोरमवर विचारलं. कुणीतरी अनोळखी माणूस पंधरा दिवस इंग्रजीतून मला धीरानं समजावत होता. मी प्रत्येक वाक्यात ‘सर, सर’ करायचो.

एका सकाळी सरांनी लिहिलं, ‘थांबा, आठ दिवसांनी नळाला पाणी आलंय. भरून घेऊ द्या.’

मी चरकलोच. आमचाही नळ नुकताच आला होता!

‘सर, तुम्ही राहता कुठं?’ मी विचारलं. उत्तरात आमच्याच नव्या कॉलनीचं नाव. घर कोणतं विचारलं, तर म्हणे निळं गेट. मी खिडकीतून पाहिलं आणि हातातला मोबाईल पडायचाच राहिला. निळं गेट समोरच्या सुमनकाकूंचं! त्या एकट्याच राहायच्या. टँकरच्या पाइपावरून भांडून वर्षभर आमचं बोलणं बंद. रिटायर व्हायच्या आधी त्या काय करायच्या, हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

जाऊन बेल वाजवली. काकू बादली घेऊनच दारात आल्या.

“काकू, फोरमवरचे सर... तुम्ही?”

“व्हय. म्हणजे तो तू?” काकूंनी बादली खालीच ठेवली. “अरे, पंधरा दिवस किती अदबीनं बोलत होतास! मला वाटलं, कुणी भला माणूस हाय.”