जाळीतल्या उशा

—नाही मिस्त्री, दारातला तो फटी शोधायचा पंखा काढू नका अजून. पुन्हा एकदा लावून बघा. कुठून तरी गार वारा शिरतच असणार, नाहीतर भिंतीला ओल कशी धरेल? तुम्हीच बसवलात ना तो जाड थर, चारही भिंतींना आतून—खिडक्यांना दुहेरी काचा, दाराखाली रबराची पट्टी—आणि म्हणालात, ताई, आता एका हीटरवर अख्खं घर उबदार राहील. राहिलं की, मी कुठे नाही म्हणते? पण आईच्या खोलीतला कोपरा पाहिलात? काळी बुरशी, पार कपाटाच्या मागपर्यंत. तीनदा घासून पुसली, चार दिवसांत पुन्हा हजर. आणि ती खोकते. आधी सकाळचं खोकायची, आता बसली तरी खोकते, उठली तरी खोकते. शनिवारी दादा येतोय, माझा थोरला भाऊ. मागच्या थंडीतच बजावून गेलाय—घर गरम कर, नाहीतर आईला मी घेऊन जातो. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. आता ती भिंत बघून तो माझं काय ऐकणार आहे?

काय म्हणालात? कुठेच फट नाही, उलट घर जास्तच बंद आहे? चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात ते हेच. फटी बुजवायला तुम्हीच सांगितलंत. हो, फटी वेगळ्या आणि हवेच्या जाळ्या वेगळ्या, कळतं मला. त्या आहेत की छताजवळ. कुठे जाणारेत? नका, त्या स्टुलावर चढू नका, डुगडुगतं ते—

बरं. बघितलंत. माझ्याच हातची शिवण आहे ती. तीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय, मापात चूक व्हायची नाही. प्रत्येक जाळीचं माप घेऊन उशी शिवली, आत कापूस दाबून भरला, वरून भिंतीच्या रंगाचं कापड—तुम्हालासुद्धा खालून दिसली नाही. गार वारा यायचा हो तिथून, थेट आईच्या डोक्यावर. तुम्ही एवढं काम केलंत आणि भोकं तशीच सोडलीत, मला वाटलं विसरलात. आता सांगताय, श्वासाची, आंघोळीची, माझ्या इस्त्रीची वाफ बाहेर जायला असतात ती. तेव्हाही सांगितलं होतंत? असेल. सांगितलं असेल.

तिच्या खोलीतल्या जाळीत एकावर एक दोन उशा कशाला? गारव्याला एक पुरली असती, खरंय तुमचं. दुसरी नंतर बसवली. कारण—कारण ती हाका मारते. दादाला. दुपारी मी मशीनवर बसले की जाळीखाली खुर्ची ओढते आणि हाका मारते, बाळा, मला ने रे. शेजारच्या काकूंनी ऐकलं आणि त्याला फोन केला. त्यावरूनच येतोय तो, बुरशीचं त्याला अजून काही ठाऊक नाही. बारा वर्षं तिची वेणी मी घालते, औषधं मी देते, आणि हाक मारायची ती त्याला. लोकांना वाटणार, मी छळते तिला. नाही हो छळत. मला फक्त ती इथे हवीय. ती गेली तर या घरात मी बोलू कुणाशी, शिलाई मशीनशी?

एक करा, शनिवारपर्यंत भिंतीला रंग द्या. पांढरा, जाड. तेवढी खोली बरी दिसली की दादाला मी समजावेन, तो माझ्याहून मऊ आहे. नाही? रंगाखालूनही वर येईल? येऊ दे, शनिवारनंतर येऊ दे—आणि ती? तोवर ती खोकतच राहणार, असं म्हणायचंय तुम्हाला. ओल भिंतीत आहे तशी तिच्या छातीतही उतरतेय. म्हणजे माझ्या उशांमुळे. स्पष्ट सांगा मिस्त्री. हं.

सरका. मीच काढते, मीच कोंबल्यात. ही एक. दुसरी घट्ट बसलीय, माझंच माप ते—निघाली. हात लावून बघा, वारा येतोय. आई, उठू नकोस, पडशील. मी आहे गं. दादा नाही आला अजून, मीच आहे.

तुम्ही निघा आता. पंखा उचला तुमचा. मला दादाला फोन करायचाय, शनिवारपर्यंत थांबू नकोस, आजच ये आणि ने तिला म्हणून. असे बघत उभे राहू नका हो. जा.