सात नंबरच्या गोदामात कोणी नाही, असे मी सांगितले

नाव क्लोव्हिस रिची, वय ५६, धंदा व्हिस्कीच्या कारखान्यात गोदाम मुकादम, राहणार कॉटर्स फोर्क, केंटकी.

मी समक्ष हजर राहून आपणहून सांगतो की, सात नंबरच्या गोदामातली पिंपे गळतात का हे रोज तपासणे माझे काम आहे. बुधवारी दुपारी बाराला माझा गुडघा दुखत होता, म्हणून मी सोबती डेल्बर्ट स्टँपर यास म्हणालो, "पाचवा मजला तेवढा तू बघून ये, मग जेवायला जा." तो वर गेला. मी ऑफिसात बसलो.

१२.५० ला गोदामावर वीज पडली. लाकडी मांडण्या लगेच पेटल्या. जळती व्हिस्की ओढ्याकडे वाहू लागली. बंबवाले १.०५ ला आले. त्यांचे प्रमुख प्रुइट यांनी मला विचारले, "आत कोणी आहे?" मी नाही म्हणालो. "नक्की?" मी हो म्हणालो. डेल्बर्ट रोज साडेबाराला घरी जेवायला जातो. तो गेला असेल असे मी धरून चाललो. कोणाला विचारले नाही.

मग मला ओढ्यावरच्या पुलावर पाठवले. तिथे गाव जमले होते. वास दूरवर सुटला होता. कोणी म्हणाले, "जोरात श्वास घ्या, आज फुकट आहे." दुसरा म्हणाला, "बर्फ घरी विसरलो की." दारूविरुद्ध दर रविवारी बोलणारे आमचे पाद्री वाऱ्याच्या तोंडाला उभे होते. मी म्हणालो, "पाद्रीबाबा, इकडे सरका, आम्हालाही थोडं येऊ द्या." सगळे हसले. पाद्रीही हसले.

१.२० ला डेल्बर्टची बायको नोरीन हातात डबा घेऊन आली. तीही हसत होती. म्हणाली, "जेवायला आला नाही, म्हटलं आग बघताना जेवणाची कुठली शुद्ध असणार त्याला. कुठे उभा आहे तो?"

मी तसाच प्रुइटकडे धावलो आणि म्हणालो, "डेल्बर्ट आत आहे." त्यांनी बंबवाल्यांना हाक मारली. मग दोन माणसे मागच्या विटांच्या जिन्याने आत गेली. १.३५ ला त्याला बाहेर आणले. तो दुसऱ्या मजल्यावर दारापाशी पडला होता. दोन्ही हात भाजले आहेत. अद्याप शुद्धीवर नाही.

आगीच्या ठिकाणी, पुलावर जाण्यापूर्वी, मी लिहून दिले होते की, गोदाम रिकामे असल्याची मी खात्री केली होती. ते खरे नाही.

नोरीन दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगते की, क्लोव्हिस धावला म्हणून माझा माणूस हाती लागला. काल तिने माझ्यासाठीही जेवण आणले होते. मी जेवलो. त्याला वर मी पाठवले होते, हे तिला अजून माहीत नाही. इथून मी तिकडेच जाणार आहे.

जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच लिहिला आहे. त्यात काही कमी करायचे नाही.

सही
क्लोव्हिस रिची