भरलेला फिंजान

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय महमूदभाई, व्यासपीठावर बसलेल्या आणि मघापासून पदराने डोळे टिपणाऱ्या हवाबीभाभी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते बाबामियाँ, खसबहून बोटीने आलेले आपले पाहुणे रशीद आणि यासिर, आणि शुक्रवारची झोप मोडून माबेल्यापासून मदिनत सुलतान काबूसपर्यंत कुठून कुठून अझैबाच्या या हॉलवर आलेल्या माझ्या कोकणी बंधुभगिनींनो,

मैथिली, बाळा, कॉफीचा फिंजान आणलास, आभारी आहे. राहू दे इथेच, माईकजवळ. नंतर बघू.

माझ्याआधी चार वक्ते बोलले. बाबामियाँ मनमिळाऊ, बाबामियाँ दानशूर, बाबामियाँ अजातशत्रू. बोलणाऱ्यांचं काही चुकलं असं नाही, पण शाल घालताना प्रत्येकाने ती डाव्या हातावरून पांघरली. का? तो हात दिसू नये म्हणून? बाबामियाँ, शाल जरा बाजूला घ्या. बघा मंडळी. अंगठा आणि एक बोट. बाकीची तीन खसबच्या जेट्टीवर गेली. कशी गेली हे आपण कुणी विचारत नाही, आपण सभ्य माणसं. मी सांगतो. माझ्यामुळे गेली.

खसब मुसंदममध्ये. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ओमानचं उत्तरेकडचं शेवटचं टोक, पुढे समुद्र, पाठीशी उघडे डोंगर. डोंगरातली माणसं आपल्या चालीने राहतात. पुरुषाच्या हातात लांब दांड्याची छोटी कुऱ्हाड असते, जशी आपल्याकडे म्हाताऱ्याच्या हातात काठी. त्यांचे तंटे त्यांचे ज्येष्ठ सोडवतात, आणि वलीच्या, म्हणजे तिथल्या कलेक्टरच्या, कचेरीतला साहेबसुद्धा आधी त्यांना बसू देतो.

तिथे बाबामियाँचं बोटींची इंजिनं दुरुस्त करण्याचं वर्कशॉप होतं. मी शांताराम, गुहागरचा, त्यांचा वेल्डर, एकोणीस वर्षं. डोंगरातला हा यासिर आमच्याकडेच काम शिकला. इंजिनाला कान लावून तो बिघाड सांगायचा. मला ते जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते मला सलत होतं.

मग उत्तरेकडच्या प्रशासनाने छोट्या धंद्यांची योजना आणली. जेट्टीवरचे गाळे स्थानिक तरुणांना द्यायचे, आणि कुणाला द्यायचे ते गावच्या ज्येष्ठांनी ठरवायचं. त्यांचा किनारा, त्यांची माणसं, निवड त्यांची. यात वाईट काय होतं? आज मी विचारतो, वाईट काय होतं? पण तेव्हा यादीत आमचाच गाळा निघाला आणि समोर नाव यासिरचं. माझं डोकं फिरलं. घरचा भेदी, असं मी भर जेट्टीवर ओरडलो.

तो गाळ्याची मापं घेत होता. मी मोठा पाईप पाना उचलला. पहिला घाव कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला पान्यातून हातात जाणवला, आणि मंडळी, हे सांगायला जीभ रेटत नाही, पण मला बरं वाटलं. दुसरा कानावर. तो खाली पडला, तोंडात रक्त, आणि मला म्हणत होता, "शांताराम, खलास, खलास," म्हणजे पुरे, पुरे. मी थांबलो नाही. तिसऱ्यासाठी हात वर केला तेव्हा मागून रशीद धावत आला. यासिरचा थोरला भाऊ, हाच, समोर बसलाय. त्याची कुऱ्हाड माझ्या मानेवर येत होती. मध्ये बाबामियाँ आले. दुसरं काहीच हाताशी नव्हतं, म्हणून नुसता हात वर केला.

बोटं डिझेलच्या थारोळ्यात पडली. बाबामियाँ ओरडले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "येड्या, काय केलंस तू हे?"

दुसऱ्या दिवशी डोंगरातून चाळीसेक माणसं कुऱ्हाडी घेऊन उतरली. इकडे आपली पोरं लोखंडी नळ्या घेऊन उभी. मध्ये पोलीस. एक दगड आला, एकाचा डोळा फुटता फुटता वाचला, आणि मग दोन्हीकडून दगड सुरू झाले. वर्कशॉपची एक काच शिल्लक राहिली नाही. शेवटी साहेबांनी ज्येष्ठांना तीन दिवस दिले. तीन दिवसांत समेट, नाहीतर कायदा आपल्या वाटेने जाईल. आणि कायद्याआधी रशीद मला गाठेल, हे जेट्टीवरचं मांजरदेखील जाणत होतं.

तिसऱ्या दिवशी बाबामियाँ हाताला बँडेज बांधून मला घेऊन डोंगरावर गेले, यासिरच्या बापाच्या घरी. वाटेत मी म्हटलं, "बाबामियाँ, मला काय बोलायचं ते सांगा." ते म्हणाले, "तू काय बोलू नको. मी करतो तसं कर." एवढंच. वेदनेने त्यांचा घाम निथळत होता, जास्त बोलवतही नव्हतं.

आता चूक ऐका. आखातात वीस वर्षं काढलेला माणूसच ती करू शकतो. बैठकीत कॉफी आली. यासिर कोपऱ्यात, हात प्लास्टरमध्ये. रशीद दारात, कुऱ्हाड मांडीवर. माझ्या घशाला कोरड पडलेली, आणि आईने शिकवलेलं की कुणाच्या दारचं नाकारू नये. मी फिंजान तोंडाला लावला, एका घोटात संपवला, आणि आपल्याला इथले रीतिरिवाज ठाऊक आहेत हे दाखवायला तो ऐटीत दोनदा हलवला. म्हणजे बस, आणखी नको.

 त्यांची रीत अशी, की मागणं घेऊन आलेला माणूस फिंजान जमिनीवर ठेवतो. यजमान म्हणतो, पी, तुझं मागणं मान्य. मगच तो उचलायचा. न विचारता प्यायलास म्हणजे तुला काही मागायचं नाही. ज्याच्या मुलाचं हाड मोडलं त्याच्या घरात बसून मी सांगितलं होतं, मला तुमची माफी नको.

रशीद उठला. पात्याला अजून काळे डाग होते, मी पाहिले. तेव्हा बाबामियाँ म्हणाले, "बस, रशीद. त्याचा फिंजान रिकामा आहे. माझा बघ." तो जमिनीवर होता, काठोकाठ भरलेला. "माझ्या बोटांबद्दल मला काही नको. याचा जीव द्या. आणि गाळा यासिरकडेच राहू द्या."

 यासिरचा म्हातारा बाप माझ्याकडे न बघता म्हणाला, "गाळा कसा काढून घेऊ? यादीसाठी माझ्या मुलाचं नाव या बाबामियाँनेच तर ज्येष्ठांकडे आणलं होतं." मंडळी, मला तोवर माहीत नव्हतं. माझं म्हातारपण आलं, आता हा पोरगा चालवेल, असं बाबामियाँनी ज्येष्ठांना सांगितलं होतं. मी मारलं कुणाला, हे मला तिथे कळलं.

म्हातारा म्हणाला, "पी, बाबामियाँ." त्यांनी उजव्या हाताने फिंजान उचलला. अर्धी कॉफी सतरंजीवर सांडली. कुऱ्हाडी खाली गेल्या, तक्रार मागे घेतली गेली. त्या माफीवर मी चार वर्षं जगतोय. यासिरच्या गाळ्यात वेल्डिंग करतो. तो मला पगार देतो, सलाम करतो, त्याचा हात कोपरात सरळ होत नाही, आणि इंजिन उचलताना तो मला हाक मारतो. मी जातो, उचलतो, परत येतो. बाबामियाँनी मागितली म्हणून माझं भागलं. मी स्वतः कधीच मागितली नाही. उद्या बाबामियाँ दापोलीला चालले. आता माझ्या वतीने मागायला कोण राहणार?

बाबामियाँ, तुमचे आभार मानायची माझी लायकी नाही. हवाबीभाभी, त्यांच्या शर्टाची बटणं आता तुम्ही लावता, त्या प्रत्येक बटणाचा दोष माझा आहे. अध्यक्ष महाशय, आपण पाच मिनिटं दिलीत, मी जास्त घेतली, आभार. मैथिली, दोनदा खुणावलंस की कॉफी थंड होतेय. मला दिसलं, पोरी.

भाषण संपवताना बोलण्यात काही चुकलंमाकलं असेल तर सांभाळून घ्या म्हणतात. बोलण्यात चुकलं असेल तर तुम्ही घ्यालच. पण जेट्टीवर जे चुकलं ते फक्त एका माणसाच्या हातात आहे. यासिर, सात वर्षं तू आमच्यात मराठी ऐकलीस, तुला कळतंय. दोन घाव मी घातले, तिसराही घालणार होतो. मला माफ कर.

मी आता खाली जाऊन बसतो. फिंजान इथे आहे, भरलेला. मी तो उचललेला नाही.