दोन्ही हातांनी धरा

(नागपूर, बेसा. मॉलच्या वरच्या मजल्यावरचं गेम झोन. रविवारची सकाळ, शटर अर्धंच वर.)

सोनिका : धरा, धरा! दोन्ही हातांनी धरा. सुटलं तं माह्या मानेवरच येते हे.

पियूष : धरलंय. पण मी...

सोनिका : अजून वर. अजून. बस, आता हलू नका. याले टेका द्यायचा दांडा असते, तो कालच मोडला. आमच्या मालकाले, चंद्रभानभाऊले म्हटलं होतं, सकाळी एक माणूस पाठवा. बरं झालं वेळेवर आले तुमी.

पियूष : मला कोणी पाठवलं नाही.

सोनिका : मंग आत कसे आले? अजून उघडलं नाही आमचं.

पियूष : तुम्हीच आतून ओरडलात ना, 'उभे काय राहिले, या लवकर'. मी पियूष. पियूष मेश्राम, हुडकेश्वरचा. आज संध्याकाळी तुमच्या घरी... म्हणजे, मुलगी पाहायला जे येणार आहेत, त्यातला मुलगा.

सोनिका : अव माय!

पियूष : खाली ठेवू का?

सोनिका : ठेवू नका! वायरी मोकळ्या करून ठेवल्या मी, सगळ्या चेंदून जातीन. थांबा... माह्या तोंडाले काळं लागलं हाये काय?

पियूष : गालावर. थोडं नाकावरही.

सोनिका : जाऊ द्या. संध्याकाळी धुतलेलं पाहा. बोला, काहून आले? हे स्थळ आणणाऱ्या तारामावशीनं तं सांगतलं होतं, मुलगा लाजाळू हाये, तोंड उघडत नाही.

पियूष : थोडं बोलायचं होतं. घरी सगळ्यांसमोर जमलं नसतं. हे काय आहे नेमकं? फार जड आहे.

सोनिका : पिनबॉल. टोकन टाकलं की एक लोखंडी गोळी वर सुटते. खाली गडगडत आली की या दोन पट्ट्यांनी तिले पुन्हा वर हाणायचं, एवढाच खेळ. डावी पट्टी मेली. तुमी जो फळा धरला ना, त्याच्या खाली सगळा संसार हाये. दुपारी एका पोराचा वाढदिवस हाये इथं, अन् त्याच्या बापानं खास हीच मशीन सांगून ठेवली. आज नाही चालली तं चंद्रभानभाऊ उद्या कबाड्याले देऊन टाकते. म्हणते, त्या जागी टेडी उचलायची मशीन ठेवू. बोला तुमी. मी टॉर्च तोंडात धरते, मले बोलता येणार नाही.

पियूष : तारामावशींनी तुमच्या घरी सांगितलं असेल, मी बुटीबोरीला कंपनीत क्वालिटीत आहे म्हणून. ती नोकरी आता नाही. दिवाळीच्या आधी त्यांनी आमची पूर्ण लाइन बंद केली. तेव्हापासून मी बाईकवर पार्सल पोचवतो. बेसा, मनीषनगर, इकडंच... काही बोला ना.

सोनिका : टॉर्च होता तोंडात. तारामावशीले माहीत हाये हे?

पियूष : नाही. फक्त आईला आणि मला. आई म्हणते, लग्न होऊ दे, तोवर दुसरी लागेल.

सोनिका : अन् तुमी काय म्हणता?

पियूष : मी म्हणतो, तुम्ही नाही म्हणा.

सोनिका : काय?

पियूष : आज आम्ही येऊन जातो. मग एक-दोन दिवसांनी तुम्ही तारामावशींना निरोप द्या, मुलगा पसंत नाही. कारण सांगू नका. आईची लाजही राहील आणि तुमची फसवणूकही होणार नाही.

सोनिका : वा! लय सोयीचं हाये. खोटं तुमच्या घरचं, अन् नाही म्हणणारी मी? मागं कामठीचं स्थळ आलं होतं. पोरगी मशिनीत डोकं घालून राहते, उशिरा घरी येते, म्हणून ते लोक फिरले. अन् वस्तीत काय पसरलं? सोनिकालेच कोणी पसंत पडत नाही. आता तुमालेही मीच नाही म्हणू? तुमच्या आईची लाज राहीन. माह्या आईनं कुठं जायचं?

पियूष : हा विचार मी केला नव्हता.

सोनिका : हात खाली येऊन राहिले तुमचे. वर धरा.

पियूष : सॉरी.

सोनिका : सॉरी फळ्याले म्हणता का मले?

पियूष : दोघांनाही.

सोनिका : खिशात फोन वाजून राहिला तुमचा. काढू काय?

पियूष : आई असेल. उचलला नाही तर वाजवतच राहील. स्पीकरवर टाका, नंतर करतो म्हणून सांगतो.

सोनिका : घ्या, बोला.

सिंधूताई : बाबू, कुठं हायेस गा? मी इथं शर्टाले इस्त्री करून राहिली, अन् तू सकाळीच गाडी घेऊन पसार!

पियूष : आई, मी तुले मंग फोन करतो...

सिंधूताई : ऐक आधी. संध्याकाळी पोरीच्या बापानं नोकरीचं विचारलं तं तू गप राहाजो. मी बोलते. पार्सलचं तं नावच काढू नको.

पियूष : आई, स्पीकर...

सिंधूताई : कोणता स्पीकर? विहारातला? तो अजून दुरुस्त नाही झाला. तुले काय करायचं त्याचं आत्ता?

पियूष : फोन स्पीकरवर हाये, आई. अन् सोनिका इथंच उभ्या हायेत.

सिंधूताई : कोण सोनिका?

सोनिका : जय भीम, मावशी. संध्याकाळी तुमी जिले पाह्यले येणार हाये, तीच.

सिंधूताई : ...जय भीम. मंग ऐकलं तं तू सगळं.

सोनिका : ऐकलं. पण त्याच्या आधीच यायनं सांगतलं होतं मले.

सिंधूताई : त्यानं? आपल्या तोंडानं?

सोनिका : हो. माह्या मशीनचा फळा धरून उभे हायेत. हात मोकळे असते तं पळाले असते, सांगता येत नाही.

सिंधूताई : पोरी, मी काही लबाड बाई नाही वं. नोकरी गेली म्हटलं की लोक चहाचा कप अर्धा ठेवून उठते. मंग माह्या पोराकडं कोणी डोळे वर करून पाह्यत नाही. तो कसा हाये, काय हाये, कोणी विचारतच नाही. ते मले पाह्यवत नाही, म्हणून लपवलं.

सोनिका : समजलं, मावशी. पण लग्न झाल्यावर कळलं असतं ना, तं तुमी मले साधं 'जेवली काय' विचारलं असतं तरी मी मनात म्हटलं असतं, याच्या मागं काय हाये.

सिंधूताई : ...खरं हाये तुहं. मंग आता आमी येऊ का नको?

सोनिका : ते तुमच्या पोराले विचारा.

पियूष : आई, आपण जाऊ. अन् बसल्याबरोबर मी पहिले नोकरीचंच सांगीन. तू मधात बोलू नको.

सिंधूताई : त्यायनं नाही म्हटलं तं?

पियूष : तं घरी येऊ. जेवू.

सिंधूताई : ...शर्ट कोणता घालतो मंग? पांढरा का निळा?

पियूष : कोणताही दे, आई.

सिंधूताई : निळाच घाल. अन् तिचा तो फळा नीट धर, पोरगी काम करून राहिली. ठेवते.

सोनिका : घरी असं बोलता तुमी? मघापासून माह्याशी तं रेडिओवर बातम्या देऊन राहिले होते.

पियूष : तारामावशींनी सांगितलं होतं, मुलीच्या घरी जरा शुद्ध बोल.

सोनिका : तुमाले शुद्ध बोलताना पाहून मले वाटलं, माणूस बिमार हाये. असंच बोला. हे पाहा, ही जुनी कॉइल, पट्टीले झटका देते ती. आतली प्लास्टिकची नळी पाह्यली? वितळून दांडी धरून ठेवली तिनं, म्हणून पट्टी उठत नाही. नवी नाही माह्यापाशी. मागं एक मागवली होती, ती उजवीकडं लावून टाकली. आता गोदामातल्या बंद मशीनमधून ही काढून आणली, हीच डावीकडं बसवते.

पियूष : उजवीकडची मीच आणून दिली होती.

सोनिका : काय?

पियूष : ती कॉइल. लहानसा खोका होता. सही करायच्या आधीच तुमी फोडला. कॉइल बाहेर काढली अन् उजेडात धरून फिरवून फिरवून पाह्यली, जसा कोणी दागिना आणून दिला. मले वाटलं, असं काय हाये त्याच्यात? मंग तारामावशीनं फोटो दाखवला, तवा ओळखलं.

सोनिका : मी तुमाले नाही ओळखलं.

पियूष : हेल्मेट होतं. तसंही पार्सलवाल्याच्या तोंडाकडं कोण पाहते?

सोनिका : मी तं नाहीच पाह्यलं. खोक्याकडंच पाह्यलं मी.

पियूष : म्हणून आलो आज. दुसरं कोणाचं स्थळ असतं तं मी बहुतेक आईचं ऐकून गप बसलो असतो. खरं सांगून राहिलो.

सोनिका : ...हे तुमी फोन करूनही सांगू शकले असते.

पियूष : तीनदा लावला अन् तीनदा कापला.

सोनिका : जरा डावीकडं सरका, सोल्डरचा धूर तुमच्या तोंडावर येऊन राहिला. झालं. ही बसली. आता हातानं पट्टी उचलून पाहते. कशी मोकळी उठून राहिली, पाहा! चला, फळा खाली घेऊ.

पियूष : एक मिनिट. पुन्हा उचला ना ती. आता उजवी उचला.

सोनिका : काहून?

पियूष : उजवी पूर्ण वर गेली की मागचे ते धातूचे दोन पातळ पत्ते एकमेकांपासून दूर होते. डावीकडं नाही होत, चिकटूनच राहते. दोन्हीकडं सारखं असाले पाहिजे ना?

सोनिका : दाखवा... अरे! हो ना. हे पत्ते सुटले नाही तं पूर्ण करंट चालूच राहते अन् कॉइल तापत जाते. म्हणूनच जळली पहिली! मी घासून साफ केले, पण वाकले हायेत ते पाह्यलंच नाही. ही पण जळली असती, अन् भर वाढदिवसात. तुमाले कसं दिसलं?

पियूष : कंपनीत तेच काम होतं माहं. दोन सारख्या वस्तू ठेवायच्या अन् फरक शोधायचा. मशीन कशी चालते, ते मले काही माहीत नाही.

सोनिका : धरून ठेवा, पक्कड घेते. अशी... थोडं... आता?

पियूष : आता सुटले. दोन्हीकडं सारखे.

सोनिका : घ्या खाली. हळू. हात गेले असन तुमचे.

पियूष : गेलेच. माह्या खांद्याले हायेत काय, पाहा बरं.

सोनिका : हसता पण तुमी? काच नंतर बसवू. प्लग लावते. हे टोकन टाका, तुमीच खेळा पहिले.

पियूष : मले येत नाही.

सोनिका : म्हणूनच खेळा. येणारा माणूस सांभाळून घेते, मशीनचा दोष कळत नाही. दांडी ओढा अन् सोडा. हा! आता पाहा तिच्याकडं, आली, आली, डावी मारा!

पियूष : गेली वर! किती जोरात गेली!

सोनिका : आवाज ऐकला? टण्ण! काल अशी वाजत होती जसा कोणी रडून राहिला. पुन्हा आली. डावी! आता उजवी. दोन्ही एकदम नका मारू, मधातून पडते.

पियूष : पडली.

सोनिका : पडू द्या. मशीन चांगली हाये, पडले ते तुमी. चंद्रभानभाऊले फोटो नाही, व्हिडिओ पाठवते आता. कबाड्याले नाही म्हणा म्हणावं.

पियूष : मी निघू मंग?

सोनिका : थांबा. एक गोष्ट हाये. मघा मी तुमाले लय बोलली ना, तुमच्या घरचं खोटं म्हणून.

पियूष : बरोबरच बोलल्या.

सोनिका : माह्या घरचं पण हाये. आईनं तारामावशीले सांगतलं, लग्न झालं की पोरगी हे काम सोडून देते. मले विचारलं नाही. मी सोडणार नाही.

पियूष : मावशीनं सांगतलं होतं आमाले. तवाच मले ते पटलं नव्हतं.

सोनिका : काहून?

पियूष : तुमाले खोका फोडताना पाह्यलं होतं ना.

सोनिका : ...तुमच्या आईले चालते काय ते? वाढदिवस असला की उशीर होते मले. कधी हात भाजते. कधी दुसऱ्या मॉलमधूनही बोलावते.

पियूष : आईले काय चालते, ते तुमीच विचारा. तुमच्याशी फोनवर बोलली, तेवढं ती माह्याशी महिनाभरात बोलत नाही.

सोनिका : मंग असं करू. आज तुमचं तुमी सांगा, माहं मी सांगते. दोघांच्याही आया समोर असतीन.

पियूष : पहिले कोण?

सोनिका : तुमी. मी पहिले बोलली तं तुमाले नंतर हिंमत होणार नाही.

पियूष : अन् दोन्ही घरच्यायनं नाही म्हटलं तं?

सोनिका : तं ते त्यायचं झालं. आपल्याले अजून कुठं विचारलं कोणी?