मंत्री मध्येच थांबले

दवाखान्यात नंबर यायला अवकाश होता. तान्ह्या लेकीला मांडीवर घेऊन ती बसली होती. सोमवारी कामावर रुजू व्हायचं आणि लेकीला आईकडे ठेवायचं ठरलं होतं. पण आईने काल तिला दोनदा धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारली होती. समोर टीव्हीवर म्हातारे मंत्री भाषणात एका नावापाशी मध्येच थांबले. शेजारचे आजोबा लगेच आजींकडे वळले.

"संपलं! डोकं गेलं यांचं."

"अहो, तुम्ही डॉक्टर कधी झालात?"

"अगं, साधं नाव आठवेना त्यांना!"

"तीस वर्षं विंगेत उभं राहून नटांना वाक्यं पुरवलीत मी. पंचविशीतले हिरो बायकोचं नाव विसरायचे."

"नाटकातल्या?"

"घरच्यासुद्धा!"

"म्हणजे सगळं आलबेल?"

"ते मला काय ठाऊक? तपासल्याशिवाय कुणालाच कळत नाही. टीव्हीपुढे बसून निकाल कसले देताय?"

"आणि परवा मी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला, त्याचं काय?"

"अस्सं! म्हणून मंत्र्यांवर राग होय?"

आजोबा चष्मा काढून पुसू लागले.

"आज विचारू डॉक्टरांना. घाबरता काय? मी आहे ना विंगेत."

ते ऐकून लेकीला सावरत तिने आईला फोन लावला.

"आई, उद्या आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊन येऊ? नुसतं विचारायला."

"जाऊ की. माझ्याही मनात होतंच. पण आधी सांग, पोरीला दोन वाजताचे औषधाचे थेंब दिलेस का?"

तिने घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजले होते, आणि थेंबांची बाटली पिशवीत तशीच होती.