चिमणी म्हणतात तिला

नाही हो, पाणी बरोबर आहे, चटका नाही बसला — सवय नाही एवढंच. दुसऱ्या कुणी आपलं डोकं धुवायचं म्हणजे मान कुठे ठेवावी तेच कळत नाही. मी धुते ना दुसऱ्याचं, सासूबाईंचं — पलंगाच्या कडेला डोकं, खाली टब, कानात पाणी जाऊ नये म्हणून एक हात कानाशी. पण माझं कोण धुतंय? म्हणून जरा दचकले. तुम्ही चालू द्या. कापायचे किती ते तुम्हीच ठरवा, मला काही कळत नाही, मी आपणहून आलेलेच नाही इथे. मला पाठवलंय. “जा हो वहिनी, केस कापून या, जरा मोकळं वाटेल.” कोण म्हणालं? आमची चिमणी.

चिमणी म्हणजे घरातली कुणी नाही. एक संस्था आहे, घरात म्हातारं माणूस सांभाळणाऱ्यांना जरा उसंत मिळावी म्हणून दुपारची बाई पाठवते. बाई येणार, म्हाताऱ्या माणसाजवळ बसणार, आपण बाहेर जायचं. कुठे? ते नाही सांगत. पहिल्यांदा मी बाजारात गेले, भाजी न घेताच परत आले. मग एकदा वाचनालयात बसले — पेपर उलटा धरलाय हे शेजारच्या काकांनी सांगितलं. नको होती हो मला ती उसंत. पण झालं काय, एका दुपारी गॅसवर दूध ठेवलं आणि तिथेच, ओट्याला टेकून, उभ्या उभ्या डोळा लागला माझा. भांडं जळलं, पडद्याच्या टोकाने पेट घेतला, शेजारच्यांनी दार वाजवलं म्हणून बरं. त्यावर आमचे हे संस्थेला फोन करून मोकळे झाले.

सासूबाई तशा डोक्याने खणखणीत आहेत, बरं का. खुब्याचं हाड मोडल्यापासून पाय भार धरत नाहीत, बाकी जिभेला काही झालेलं नाही. शिवणाचा क्लास चालवायच्या त्या, निम्म्या गावातल्या मुली त्यांच्या हाताखालून गेल्या. टीप वाकडी आली की उसवून हातात द्यायच्या, एक शब्द न बोलता. मला तर सगळं आयुष्यच उसवून हातात दिल्यासारखं — नाही, वाईट नाहीत त्या. पण कधी चांगलं म्हटलं असेल तर शपथ. मी ऑफिस सोडलं त्यांच्यासाठी, हिशेबाचं काम होतं माझं, बढती व्हायची होती. सोडलं. रात्री कूस बदलून द्यायची, टाचेला जखम होऊ नये म्हणून उशी सरकवायची, भांडं द्यायचं, पुसायचं, पावडर लावायची. आणि हाक काय? “अगं.” लग्न होऊन आले तेव्हापासून “अगं”. माझं नाव त्यांना ठाऊक आहे का, अशी कधीकधी शंका येते मला.

आणि ही दुपारची बाई आली आणि तिसऱ्या दुपारी सासूबाईंची चिमणी झाली. तुम्ही बघायला हवी — दारातून आली की खोली भरते, खुर्ची करकरते, आवाज नाही तिचा, ढोल आहे ढोल. तिला चिमणी. चादर घालते तर एक कोपरा लोंबत असतो. चहात साखर इतकी की चमचा उभा राहील. गोळी द्यायची वेळ हमखास विसरते, मी फोन करून आठवण करते. मला वाटलं, सासूबाई पहिल्याच दिवशी हाकलतील. तर नाही. चादरीचा कोपरा लोंबतोय आणि या हसतायत. जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. मी किल्ली हातात घेऊन दाराबाहेर उभी राहिले, आणि खरं सांगू, आधी मला कळलंच नाही कोण हसतंय. तो आवाज मी ऐकलाच नव्हता कधी. इतकी वर्षं एका घरात राहून.

कानाजवळ जरा जपून, हं. हं.

मग मशीनचं झालं. त्यांचं शिवणाचं मशीन खिडकीशी झाकून ठेवलेलं असतं, पायाचं, जुनं. नवी नवरी होते तेव्हा मी एकदा उशीचा अभ्रा शिवायला बसले होते त्यावर. त्या आल्या, चाकावर हात ठेवून ते थांबवलं आणि म्हणाल्या, “याला हात लावायचा नाही. बिघडतं.” बस. त्यानंतर मी त्यावरची धूळ पुसली, तेल दिलं, सुईसुद्धा बदलून ठेवली, पण पाय नाही ठेवला. आणि त्या दिवशी घरात येते तर झाकण उघडं, चिमणी मशीनवर, आणि आई, म्हणजे सासूबाई, पलंगावरून, उशांना टेकून — “हळू सोड कापड, ओढू नकोस, ते आपलं आपण जातं, हां, शाब्बास.” शाब्बास म्हणाल्या. काय शिवत होत्या? चिमणीला कामावर घालायला एप्रन. दोन खिशांचा. मला वाटलं — काय वाटायचं त्यात? काहीच नाही वाटलं. मी चहा टाकायला गेले. कप जरा जोरात ठेवला गेला असेल.

आणि दुसऱ्या दिवशी बॉबिनची केस हरवली. केस म्हणजे हे डोक्यावरचे नव्हेत हो — मशीनच्या पोटात एवढीशी लोखंडी डबी असते, खालचा दोरा तिच्यातून येतो. ती नाही तर मशीन म्हणजे नुसतं टेबल. आईंनी सगळ्या घरात शोधायला लावली. उशीखाली, गादीखाली, औषधांच्या डब्यात. माझ्याकडून पलंग सरकवून घेतला. मीही शोधली, चांगली वाकून वाकून शोधली — आणि सापडणार कशी, माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात कोण बघतंय?

…

कात्री का थांबली तुमची? कापा. अहो, एकदोन दिवसांनी परत ठेवणारच होते मी. एप्रन राहिला अर्धा, एवढंच हवं होतं मला, दुसरं काही नको होतं. मला काय माहीत, त्या मनाला लावून घेतील. त्यांची एक वस्तू गेली नाही कधी हो. सुईसुद्धा हरवली नाही त्या बाईची जन्मात. त्यांचा जेवताना घास हातातच. आणि पुढच्या दुपारी चिमणी आली, मी “जाते, जाते” म्हणत दार ओढून घेतलं आणि आतच उभी राहिले, चपलांच्या कपाटाशी. करते मी असं. आई रडत होत्या. म्हणाल्या, “मीच कुठेतरी ठेवली असणार आणि मला आठवत नाही. डोकं चाललंय माझं, चिमणे.” ती म्हणाली, “वहिनींना सांगू या का?” तर म्हणाल्या, “नको. तिला नको. पाय गेले तेव्हा तिने मला उचललं, आता डोकंही गेलं म्हणून सांगू कुठल्या तोंडाने? तिच्यापुढे मला रडता येत नाही गं.”

आता यावर मी काय करावं? सांगा. माझी काळजी वाटते, तर ती तिला सांगायची? मला का नाही? मी चपलांच्या कपाटाशी उभी राहून हे ऐकायचं? त्या क्षणी पुढे होऊन डबी हातात दिली असती तर सुटला असता प्रश्न. पण चिमणीने त्यांचं डोकं छातीशी घेतलं होतं, आणि त्यांनी ते घेऊ दिलं होतं. माझ्याकडून फक्त पाठ पुसून घेतात. मी हळूच दार उघडून खरोखरच बाहेर गेले.

आणि चिमणीने भाबडेपणाने यांना सांगितलं. वाईट हेतूने नाही, ती तशी नाहीच — तशी असती तर बरं झालं असतं. यांनी लगेच डॉक्टर ठरवले, डोक्याचे. आज संध्याकाळी घरी येतायत, तपासणार, प्रश्न विचारणार. आणि काल रात्री हे म्हणाले, “विसरायला लागली असेल तर घरी ठेवून नाही भागायचं. गावाबाहेर एक चांगली जागा आहे, बघून येऊ. तुझी किती ओढाताण.” मी म्हटलं, “बघू.” बघू म्हटलं मी. तोंडातून दुसरं निघालंच नाही. आणि सांगू का, एक क्षण वाटलं — तिथे चिमणी नसेल.

नाही, आरशात नका बघू माझ्याकडे असं. मागचे तेवढे सारखे करा.

आज सकाळी वेणी घालत होते त्यांची, तर त्यांनी हळूच विचारलं, “अगं, आज वार कोणता?” मी सांगितला. मग थोड्या वेळाने, “महिना कोणता ते ठाऊक आहे मला, पण तू एकदा म्हण.” मी म्हटला. मग म्हणाल्या, “डॉक्टर विचारतील ना. तयारी असलेली बरी.” परीक्षेला बसणाऱ्या मुलीसारखं, ओठातल्या ओठात घोकत होत्या. आणि मला विचारलं. चिमणी येणारच होती दुपारी, तिला विचारता आलं असतं. मला विचारलं त्यांनी. माझा हात धरला होता, कंगव्यासकट.

किती राहिलेत? एक बाजूच ना? राहू द्या. नाही, वाळवू नका, ओलेच बरे. अहो, दिसू दे वाकडं, मला कोण बघतंय — हा टॉवेल घ्या काढून, गळ्याशी टोचतोय. डॉक्टर यायच्या आत गेलं पाहिजे. चिमणीला आधी पाठवून दिलं असतं, पण आईंनीच थांबवून घेतलंय तिला, “डॉक्टर जाईपर्यंत बस गं जवळ” म्हणून. निघताना ऐकलं मी. म्हणजे सांगायचं ते तिच्या देखत. तिच्यासमोर पर्स उघडायची, तिच्यासमोर ती डबी काढायची, आणि मग ती डोळे मोठे करून म्हणणार, “असू दे हो वहिनी, होतं असं.” तेच नको आहे मला. डॉक्टर चालतील, हे चालतील, आई काय बोलतील ते बोलोत. पण तिचं ते “असू दे” —

पैसे इथे ठेवले. ती कधी आली तुमच्याकडे, तर — काही नाही. काही सांगू नका. हे दार ढकलायचं की ओढायचं?