डाव्या हातात एकच बांगडी

लग्नानंतर मी पहिल्यांदा जिमला गेले ना, तेव्हाचं सांगते. सासूबाईंची एकच अट होती, सवा महिना हिरवा चुडा उतरवायचा नाही. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरून वजनाचा दांडा उचलून सरळ उभं राहायचं. दोन्ही तळवे आत ठेवून धरला, तर जड वजनाला दांडा माझ्या बोटांतून निसटतो. म्हणून डावा हात उलटा धरला, तळवा बाहेर. उचललं झकास, पण ते मनगट मांडीवर दाबलं गेलं आणि कट्! दोन बांगड्या गेल्या.

घरी ओढणीखाली हात लपवून शिरले, तरी सासूबाईंनी बघितलंच.

"बांगडी कशी वाढवली गं?"

मला रडूच फुटलं. सगळं सांगितलं. त्यांनी कोपऱ्यातली काठी माझ्या हातात दिली. "दाखव, कसा धरतेस."

मी दाखवलं.

"आन् दोन्ही हात सरळ धरले तर?"

"दांडा सुटतो, आई."

"पायावर पडंल?"

"पडू शकतो."

त्यांनी काठी परत कोपऱ्यात ठेवली. मला वाटलं, जिम बंद.

सकाळी मला घेऊन निजामपुऱ्यात कासाराकडे गेल्या. "उजवा हात भरून टाक. डाव्यात एकच घाल, वर घट्ट बसंल अशी. तो हात तिला उलटा धरायचा असतो."

कासार चपापला. "काकी, नवी नवरी आहे. लोक काय म्हणतील?"

सासूबाईंनी माझं डावं मनगट स्वतःच्या मांडीवर घेतलं. "वजन लोकांना उचलायचं हाय का?"